५९०००१ चे अवयव पाडताय? या चुका टाळा

५९०००१ हा बेळगावच्या मुख्य पोस्टाचा पिनकोड. पाकिटावर लिहून लिहून पोरांना तो पाठ असतो, म्हणून शहापुरातल्या माझ्या शिकवणीत नववीला मूळ अवयव पाडायला हाच आकडा देतो. चुका दरवर्षी त्याच होतात.

अंकांची बेरीज १५, म्हणून ३ ने भाग जातो. उरतात १,९६,६६७. इथवर सगळे पोचतात. पुढे ७, ११, १३, १७ लावून बघतात, जमत नाही म्हटल्यावर खाली दोन रेघा. "झालं की सर, मूळ संख्या आहे!" अरे, तुला कंटाळा आला म्हणून संख्या मूळ होत नसते. वर्गमूळापर्यंत जावंच लागतं. ४४३ चा वर्ग १,९६,२४९ आणि ४४४ चा १,९७,१३६, तेव्हा ४४३ पर्यंतच्या मूळ संख्या बघायच्या. त्या ८६ आहेत. नशिबानं ४४ व्या संख्येलाच गाठ सुटते:

५,९०,००१ = ३ × १९३ × १०१९

आता चिकाटीची पोरं उलटी चूक करतात. १०१९ साठी परत ७ पासून सुरुवात! गरज नाही. १९३ च्या आतल्या कुठल्याच मूळ संख्येनं १,९६,६६७ ला भाग गेला नव्हता, मग त्याच्याच अवयवाला कसा जाईल? १०१९ चं वर्गमूळ तर ३२ च्याही आत आहे. काम आधीच झालंय.

गुणाकार पडताळायला नऊचा ताळा, म्हणजे अंकांच्या बेरजांवरून तपासणं, चांगला, पण त्याच्यावर विसंबू नका. घाईत १,९६,६६७ चे १,६९,६६७ लिहिले तरी अंकांची बेरीज तीच राहते आणि ताळा खुशाल जुळतो. जोडीला अकराचा ताळा घ्या: उजवीकडून एक अंक अधिक, एक उणे. बरोबर संख्येला ९ येतात, चुकलेलीला ३. शेजारचे दोन वेगळे अंक उलटले की हा ताळा हमखास पकडतो.

विभाजक एकूण आठ. १, ३, १९३, १०१९ सगळे लिहितात. ५७९ आणि ३०५७ हे जोडगुणाकार हटकून राहतात. मोबाइलवर ५९०,००१ असा स्वल्पविराम दिसला तरी वहीत ५,९०,००१ च लिहा.

गेल्या वर्षी एका हुशार मुलीनं मांडलं: ४ ने भागून बाकी १ उरते, म्हणजे ही संख्या दोन वर्गांची बेरीज असणार. फर्मा या गणितज्ञाचा तो नियम मूळ संख्यांचा आहे: मूळ संख्येला ४ ने भागून बाकी १ उरली, तर ती दोन वर्गांची बेरीज असते. १९३ ला लागतो, १४४ + ४९. पण ३ आणि १०१९ यांना ४ ने भागलं की बाकी ३ येते, आणि दोघंही अवयवांत एकेकदाच आहेत. असा अवयव सम वेळा आला तरच जमतं, तिथंच सगळं अडतं. पोरगी दोन दिवस वर्ग शोधत बसली होती, सापडणार कुठून?