पोटात गोळ्या लपवलेला थरांचा केक

बाहेरून हा चारचौघांसारखा क्रीम लावलेला केक. पहिला तुकडा ओढून काढला की आतून रंगीत गोळ्या घरंगळत बाहेर येतात आणि मुलं ओरडतात. बेकरीत हातोडीने फोडायचा पिनाटा केक मिळतो, पण हातोडी दिसली की आत काहीतरी आहे हे सगळ्यांना आधीच कळतं. इथे सुरी फिरेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही, म्हणून मला हा जास्त आवडतो. करायला अवघड नाही. मात्र गोळ्यांना ओल लागू द्यायची नाही; पुढची बरीचशी खटपट त्यासाठीच आहे.

चार अंडी फोडून वजन केली तर साधारण 200 ग्रॅम भरतात. तेवढंच बिनमिठाचं बटर, तेवढीच पिठीसाखर आणि तेवढाच मैदा घ्या. मैद्यात दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर घालून चाळा. बटर आणि साखर पांढरट होईपर्यंत फेटा, एकेक अंडं घालत जा, थोडा व्हॅनिला इसेन्स घाला आणि शेवटी मैदा हलक्या हाताने मिसळा. अगदी हलका स्पंज इथे कामाचा नाही. मधल्या थरांना भोक पाडल्यावर वरचा भार त्यांच्या कडांवरच येतो.

मिश्रण कागद लावलेल्या सहा इंची दोन भांड्यांत निम्मं-निम्मं घाला. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 170 अंशांवर 35 ते 40 मिनिटं भाजा. मध्यभागी खुपसलेली सुरी कोरडी निघाली की झालं. केक पूर्ण गार करून, प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. थंड केक सरळ कापला जातो, चुराही कमी पडतो.

दुसऱ्या दिवशी वरचा फुगवटा कापून सपाट करा आणि प्रत्येक केक आडवा चिरून एकूण चार थर करा. त्यांतल्या दोन थरांवर मधोमध लहान वाटी उपडी ठेवून सुरीने गोल कापा. भोक अडीच इंचांचं पुरे. काठापर्यंत दीड इंचाहून जास्त केक उरला पाहिजे, नाहीतर भिंत ढासळते.

आता ओलीचा बंदोबस्त. एरवी थरांवर साखरेचं पाणी शिंपडतात, ते इथे टाळा. जेम्ससारख्या गोळ्यांचं कवच साखरेचं असतं. ओल लागली की ते विरघळायला लागतं आणि रंग केकमध्ये उतरतो. भोकाच्या आतल्या कडांना, तळाच्या थराच्या मध्यभागी आणि वरच्या थराच्या खालच्या बाजूला वितळवलेलं डार्क चॉकलेट ब्रशने लावा आणि घट्ट होऊ द्या. व्हिप्ड क्रीममध्ये पाणी बरंच असतं, म्हणून बटरक्रीमच घ्या: 250 ग्रॅम बटर, 500 ग्रॅम आयसिंग शुगर, दोन-तीन चमचे दूध. मे महिन्यात ते पातळ व्हायला लागलं तर भांडं दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा फेटा.

तळाच्या थरावर फक्त कडेकडेने क्रीम लावा, त्यावर भोकाचे दोन थर एकावर एक क्रीमने चिकटवा. मग गोळ्या काठोकाठ भरा. पोकळी राहिली तर वरचा थर खाली खचतो. गोल, गुळगुळीत गोळ्या छान घरंगळतात. फटी भरायला रंगीत बडीशेप उत्तम. टॉफी आणि जेली चिकटून बसतात, त्या नकोत. पाच वर्षांखालची मुलं असतील तर मात्र गोळ्याही नको आणि बडीशेपही नको, कारण कडक दाणे घशात अडकू शकतात. त्याऐवजी चॉकलेट वर्मिसिली (केकवर भुरभुरायचे चॉकलेटचे बारीक कण) भरा. वरचा थर ठेवून क्रीमचा पातळ हात द्या, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग जाड थर लावा.

गोळ्या भरण्याचं काम त्याच दिवशी, कापायच्या चार-पाच तास आधी करा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात फ्रीजमधून काढलेल्या केकवर लगेच दव धरतं, म्हणून तो अगदी शेवटी बाहेर काढा.

कापताना दातेरी सुरी तळापर्यंत न्या आणि पहिला तुकडा चांगला रुंद ठेवा. अरुंद फटीतून गोळ्या अडकत-अडकत येतात. ताट मोठं आणि काठाचं घ्या, म्हणजे गोळ्या जमिनीवर जात नाहीत.

वाटीने कापून काढलेल्या चकत्या उरलेल्या क्रीममध्ये कुस्करून लाडू वळा. दुसऱ्या दिवशी डब्यात द्यायला बरे पडतात.