नाटकात सिगारेटचा सीन आहे? मग पेटवायच्या आधी हे वाचा

राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की कोणाचा ना कोणाचा मेसेज येतेच, भाऊ आपल्या नाटकात हिरो सिगारेट ओढते, खरी पेटवली तर चालते का. नाही चालत. इथंच थांबलो असतो पण पुढचा प्रश्न ठरलेला असते, अरे पण तो रोल आहे ना! म्हणून जरा सविस्तर लिहून रायलो.

तंबाखूचा कायदा 2003 चा, आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायची बंदी कडक झाली. या सार्वजनिक ठिकाणांत सभागृह सरळ नाव घेऊन लिहिलेलं आहे, मग ते आपल्या नागपुरातलं देशपांडे सभागृह असो, सुरेश भट असो की सायंटिफिक. वेगळी स्मोकिंगची खोली करायची मुभा आहे ती 30 किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलला, 30 किंवा जास्त सीटच्या रेस्टॉरंटला आणि एअरपोर्टला, नाटकाला नाही. इंग्लंडमध्ये कलेसाठी गरज असेल तर नटाला सूट आहे, आपल्याकडे तसं काही नाही. ग्रीनरूमही त्यातच आली, ती कोणाची तरी कामाची जागा आहे. आणि "आपला प्रयोग तर ओपनमध्ये आहे" हेही चालत नाही कारण नियमात ओपन ऑडिटोरियमही मोकळी जागा धरत नाहीत.

दंड 200 रुपयांपर्यंत, हे ऐकून पोट्टे हसतात. पण तक्रार येऊनही हॉलच्या जबाबदार माणसाने काही केलं नाही तर जितके जण ओढताना सापडले तितक्यांचा दंड त्याच्यावर बसतो, त्यामुळे तो तुमच्यावर ओरडला तर त्याचं काही चुकत नाही.

अजून दोन गैरसमज. सुरुवातीला "धूम्रपान आरोग्यास हानिकारक" अशी अनाउन्समेंट केली की झालं असं वाटते लोकांना. ती सूचना सिनेमा-टीव्हीसाठी आहे, त्याने स्टेजवर परवानगी मिळत नाही. आणि स्क्रिप्टला परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) सर्टिफिकेट मिळालं म्हणजे सिगारेटलाही मिळालं असं नसते बाप्पा.

मग करायचं काय? माझं मत विचाराल तर पेटवूच नका. पब्लिक धूर नाही पाहत, हात पाहते. पाकिटावर सिगारेट दोनदा ठोकणं, कानामागे लावणं, खिसे चाचपून समोरच्याला माचिस मागणं आणि तो देणार तेवढ्यात दारावरची बेल वाजणं, यात ओढण्यापेक्षा जास्त नाटक आहे. आमच्या एका प्रयोगात नट अख्खा अंक न पेटवलेली सिगारेट बोटात घेऊन फिरला, आणि नंतर लोक म्हणे की वास आला ना!

धूर पाहिजेच असेल तर जाड कागदाची नळी करा, टोकाला राखाडी आणि थोडा केशरी पोस्टर कलर, आत चिमूटभर टाल्कम पावडर. फुंकायची, ओढायची नाही, ओढली की डायलॉग गेला आणि खोकला आला. लाइटवाल्याला सांगून मागून किंवा बाजूने एक स्पॉट मारून घ्या, समोरच्या फ्लॅट लाइटमध्ये ती पावडर दिसतच नाही. आणि हे रंगीत तालमीत त्याच लाइटमध्ये करून पाहा, घरच्या ट्यूबलाइटखाली नाही.

व्हेप मात्र आणूच नका. ई-सिगारेटवर 2019 पासून बंदी आहे, विकणंच काय साठा ठेवणंही गुन्हा आहे, आणि "सर, ही नाटकाची प्रॉपर्टी आहे" (म्हणजे स्टेजवर वापरायची वस्तू) हे पोलिसाला समजावत बसायचं का? हर्बल सिगारेटमध्ये तंबाखू नसतो म्हणून ती सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीत येत नाही, पण आग तर आगच. वरून विंगेचे पडदे, प्लायवूड, थर्माकोल. तरी वापरायचीच असेल तर हॉलवाल्याला आधी विचारा, डब्यात ओली रेती घालून तोच ॲशट्रे करा आणि विंगेत एक माणूस पाण्याची बादली घेऊन उभा ठेवा, त्याला दुसरं काहीच काम देऊ नका. झाडीपट्टीकडे (पूर्व विदर्भात) मंडपात प्रयोग असेल तर हर्बलही नको, चारही बाजूंनी कापड असते.

मी हे शिकलो ते फजितीतून. एका स्पर्धेत आमच्या नटाने ऐन वेळी खरी बिडी पेटवली, एसी हॉल, पहिल्या रांगेत एक आजी खोकायला लागल्या, थांबेचनात, आणि बापाच्या मृत्यूच्या सीनमध्ये मागून कोणीतरी ओरडलं, "अबे विझव ना बे!" सगळा हॉल हसला.

पब्लिकसाठी वेगळं काय सांगू, मध्यंतरात ओढायची तर गेटच्या बाहेर, पायऱ्यांवर नाही, आणि तिसऱ्या घंटेच्या आधी खुर्चीत. आणि खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू. खर्र्याचा धूर नसते म्हणून तो चालते असं धरून विंगेत पन्नी घोटत बसणारे आपलेच लोक आहेत, शांत सीनमध्ये त्या पन्नीचा आवाज पाचव्या रांगेपर्यंत जातो, आणि नंतर कोपऱ्यातली लाल पिचकारी हॉलवाला बरोबर तुमच्याच टीमच्या नावावर लिहितो.

शेवटचं, प्रॉपर्टी सांभाळणाऱ्यासाठी. स्टेजवरच्या माचिसमध्ये काड्या ठेवूच नका, आवाज पाहिजे तर डाळीचे चार दाणे टाका.