मुलांच्या आधार क्रमांकाचा गैरवापर कसा टाळावा

प्रौढ माणसाच्या नावावर कोणी परस्पर कर्ज काढले, तर निदान वसुलीचा फोन तरी येतो. लहान मुलाच्या ओळख क्रमांकाचा गैरवापर मात्र वर्षानुवर्षे उघडकीस येत नाही, कारण मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत त्याच्या नावावर काय चालले आहे हे पाहण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही. ही जबाबदारी पालकांनाच घ्यावी लागते.

पाच वर्षांखालील मुलाच्या निळ्या बाल आधारासाठी बोटांचे ठसे किंवा बुबुळांच्या प्रतिमा घेतल्या जात नाहीत. फक्त छायाचित्र घेऊन ती नोंद आई किंवा वडिलांच्या आधाराशी जोडली जाते. त्यामुळे या वयात ओटीपी ज्या मोबाइलवर येतो, तो क्रमांक हेच खरे कुलूप असते. जुने सिम बंद करण्यापूर्वी मुलाच्या आधारावरील क्रमांक आठवणीने बदलून घ्यावा, कारण बंद पडलेला क्रमांक कालांतराने दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. पुढे 5 ते 7 आणि 15 ते 17 या वयोगटांत ठसे व बुबुळे मोफत नोंदवता येतात. ती नोंद झाली की आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करावे आणि गरजेपुरतेच ते उघडावे.

माहिती बाहेर जाते ती बहुधा आपल्याच हातून. शिकवणीचा अर्ज, क्रीडास्पर्धा, सहल, सगळीकडे झेरॉक्स मागितली जाते आणि आपणही विचार न करता देतो. मागणाऱ्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत: क्रमांक कशासाठी हवा, प्रत कोण व किती काळ ठेवणार, आणि जन्मदाखल्यावर काम भागेल का? शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात स्पष्ट केले आहे. प्रत देणे भागच असेल, तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार द्यावे आणि प्रतीवर कारण व तारीख आडवी लिहावी. एवढ्याने फसवणूक अशक्य होत नाही, पण तीच प्रत दुसरीकडे खपवणे अवघड जाते. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर आधारचा फोटो टाकण्याची सूचना आली, तर ती नम्रपणे नाकारून प्रत संबंधित व्यक्तीच्या हाती द्यावी.

डाउनलोड केलेल्या ई-आधार फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. मुलाचे पूर्ण नाव आणि वाढदिवसाचे फोटो ज्या घरातून सर्रास समाजमाध्यमांवर जातात, त्या घराने ही फाइल सायबर कॅफेच्या संगणकावर किंवा ईमेलमध्ये पडून राहू देणे म्हणजे कुलपासोबत किल्लीही ठेवून जाणे होय.

दर काही महिन्यांनी संकेतस्थळावर मुलाच्या आधारची पडताळणी-नोंद पाहावी. मागील सहा महिन्यांत क्रमांक केव्हा वापरला गेला, ते तिथे कळते. अनोळखी नोंद आढळल्यास 1947 या आधार मदतवाहिनीवर तक्रार करावी आणि पैशांची फसवणूक झाली असेल तर विनाविलंब 1930 या सायबर फसवणूक मदतवाहिनीवर कळवावे. मुलाच्या नावे न मागितलेले कर्ज किंवा करविषयक पत्र आले, तर ‘चुकून आले असेल’ म्हणून ते फेकून देऊ नये.

मूल अठरा वर्षांचे होताच त्याचा पतअहवाल, म्हणजे त्याच्या नावावरील कर्जांची नोंद, मागवावा. अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो, आणि त्यात अनोळखी कर्ज दिसल्यास त्याच कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी हरकत नोंदवता येते.