यूएसबी टेदरिंग जोडलेलं, पिंग चालतं, तरी काही साइट उघडत नाहीत (उबंटू)

जुळे सोलापुरात घरी ब्रॉडबँड नाही. लॅपटॉपला फोनचा डेटा यूएसबीने देतो. काही साइट लगेच उघडायच्या, काही नुसत्या फिरत राहायच्या. फोनवर मात्र सगळ्या झटक्यात. केबल, डीएनएस, ब्राउझर बदलून झाले. डोकं उठलं.

मग डेटाचं पाकीट तुकडे न करता पाठवून पिंग केलं (पलीकडून उत्तर येतं का ते पाहिलं): १४७२ बाइटला उत्तर नाही, १३७२ ला आलं. हेडरचे (पाकिटावरच्या पत्ता वगैरे माहितीचे) २८ मिळवले की १४००. म्हणजे नेहमीचा १५०० चा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) या वाटेला मोठा पडत होता.

सेटिंग्ज, नेटवर्क, यूएसबी इथरनेटसमोरचं दातेरी चाक, आयडेंटिटी. तिथे एमटीयू ‘ऑटोमॅटिक’ होता, तो १४०० केला. अप्लाय दाबून जोडणी बंद-चालू केली (हे टाळू नका, जुनाच आकडा राहतो). दुसरा फोन जोडला तर त्याच्या जोडणीतही हेच करावं लागेल.