माया अवशेषांच्या सहलीचे नियोजन : या चुका टाळा

पहिल्या खेपेला मी चिचेन इत्सा हे मेक्सिकोतील माया लोकांचे जुने नगर कॅनकून या समुद्रकिनाऱ्यावरच्या शहरातून एका दिवसाच्या बससहलीत पाहिले, आणि खरे सांगायचे तर त्याला ‘पाहिले’ म्हणणेही धाडसाचे आहे. सकाळी सातला आलेली बस निरनिराळ्या हॉटेलांतून प्रवासी गोळा करत नऊपर्यंत शहरातच फिरत राहिली, वाटेत चांदीच्या दागिन्यांच्या दुकानात पाऊण तास थांबली, आणि ऐन उन्हात आम्ही कुकुल्कान या सर्पदेवाच्या पिरॅमिडसमोरच्या उघड्या पटांगणात उभे राहिलो तेव्हा सावलीसाठी कडेच्या झाडांपर्यंत चालत जावे लागत होते. गाइडने तासभर माहिती सांगितली, मग ‘पंचेचाळीस मिनिटे मोकळा वेळ’ मिळाला आणि तो पाण्याची बाटली व स्वच्छतागृह यांच्या रांगांत संपला. बसवाल्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण चूक घरी बसून आखलेल्या बेतातच होती : पाच दिवस समुद्रकिनारा, आणि त्यातला एक दिवस ‘माया पिरॅमिड’. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना कॅनकून जवळ पडते, त्यामुळे हाच बेत मी नंतर अनेकांच्या तोंडून ऐकला आहे.

पाच देशांना एक ठिकाण समजणे

माया लोकांची जुनी नगरे आजच्या पाच देशांत विखुरलेली आहेत : दक्षिण मेक्सिको, ग्वातेमाला, बेलीझ, होंडुरास आणि एल साल्वादोर. चिचेन इत्सा आणि उश्माल मेक्सिकोच्या युकातान राज्यात आहेत, पालेंके चियापासच्या डोंगरपायथ्याशी आहे, तिकाल ग्वातेमालाच्या पेतेन जंगलात आहे आणि कोपान होंडुरासमध्ये, ग्वातेमालाच्या सीमेपासून अवघ्या 12 किलोमीटरांच्या आसपास आहे. नकाशावर ही नावे बोटभर अंतरावर दिसतात, म्हणून आठवड्यात चार स्थळे ‘उरकण्याचे’ बेत होतात. प्रत्यक्षात कॅनकूनहून पालेंके रस्त्याने आठशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि तिकालहून कोपानला जाण्यात सबंध दिवस खर्ची पडतो.

याहून मूलभूत घोळ म्हणजे माया, अझ्टेक आणि इंका यांची सरमिसळ. मेक्सिको सिटीजवळचे तेओतिवाकान हे प्रचंड नगर माया लोकांचे नाही. ते अझ्टेकांनीही बांधलेले नाही, ते त्यांच्या किती तरी आधीचे आहे. माचू पिचू इंकांचे, आणि तेही पेरूत, म्हणजे दुसऱ्याच खंडात. ‘माया संस्कृती दर्शन’ अशा नावाच्या सहलीत यांपैकी काही आढळले, तर आखणी करणाऱ्याने विषय नीट वाचलेला नाही, असे खुशाल समजावे.

माझे मत असे की, एका खेपेस एकच मुलूख निवडावा आणि मुक्काम समुद्रकिनाऱ्यावर न करता अवशेषांजवळच्या गावात करावा. वायादोलिद या जुन्या वसाहतकालीन गावी राहिल्यास चिचेन इत्सा साधारण पाऊण तासावर येते, आणि ‘एक बालाम’ व ‘कोबा’ ही स्थळेही आवाक्यात राहतात. मेरिदा शहरातून उश्माल आणि त्याच्या परिसरातील पूक शैलीची नगरे आरामात पाहता येतात. तिकालसाठी सरोवरातल्या फ्लोरेस बेटावर किंवा त्याहून उत्तम म्हणजे उद्यानाच्या आत राहावे. लांबच्या रेल्वेमार्गावर भिस्त ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे : 2023च्या डिसेंबरात सुरू झालेल्या त्रेन माया या गाडीची अनेक स्थानके गावापासून आणि अवशेषांपासून दूर आहेत, त्यामुळे स्थानकावरून पुढचे वाहन आधीच ठरवलेले असावे.

घड्याळाचा एक तास

ही चूक इतकी साधी आहे की ती कोणी सांगत नाही. कॅनकून आणि तुलुम ज्या किंताना रो राज्यात आहेत, त्याचे घड्याळ 2015पासून शेजारच्या युकातान राज्यापेक्षा एक तास पुढे आहे. राज्याची हद्द ओलांडताना फोन बहुधा आपोआप वेळ बदलतो. मनगटावरचे घड्याळ बदलत नाही. आमच्या बससहलीत माझ्या घड्याळात बारा वाजून गेले होते आणि चिचेन इत्साच्या फाटकावर सव्वाअकरा. जाताना हा तास पदरात पडतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. परतताना मात्र तो जातो आणि संध्याकाळचे विमान असेल तर धावपळ होते. म्हणून विमानाच्या दिवशी अवशेषांचा बेत ठेवूच नये. ठेवावाच लागला, तर कॅनकूनच्या वेळेप्रमाणे उलटे मोजत निघण्याची वेळ काढावी आणि ती कागदावर लिहून ठेवावी.

चिचेन इत्सा सकाळी आठला उघडते आणि शेवटचा प्रवेश दुपारी चारला मिळतो. कॅनकूनहून येणाऱ्या बसगाड्यांची रीघ साधारण साडेदहानंतर लागते. आठच्या रांगेत पहिल्या पन्नासांत उभे राहिलात, तर पायऱ्यांसमोर टाळी वाजवल्यावर परत येणारा पक्ष्याच्या चीत्कारासारखा प्रतिध्वनी ऐकायला मिळतो. दुपारी शंभर माणसे एकाच वेळी टाळ्या वाजवत असतात आणि शिट्ट्या विकणारे त्यांच्यात जग्वारच्या डरकाळ्यांची भर घालत असतात.

कागदपत्रांतील गफलती

भारतीय पासपोर्टधारकाकडे अमेरिकेचा वैध व्हिसा असल्यास मेक्सिकोसाठी निराळा व्हिसा लागत नाही. हे सर्वांना माहीत असते आणि घात याच अर्धवट माहितीने होतो. एच-1बी वर काम करणाऱ्या अनेकांचा अमेरिकेतील मुक्काम कायदेशीर असतो, पण पासपोर्टवरील व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असते. मंजुरीचा कागद अमेरिकेत राहण्यासाठी पुरतो. मेक्सिकोला पासपोर्टमधला वैध व्हिसा हवा असतो. अशा वेळी विमानतळावरच्या खिडकीशी वाद घालून उपयोग नसतो. निघण्याआधी काही आठवडे मेक्सिकोच्या वकिलातीतून व्हिसा काढावा, एवढाच मार्ग उरतो.

मुंबईहून निघणाऱ्यांची अडचण वेगळी. मेक्सिकोला थेट विमान नाही आणि अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो नसल्यास मार्ग इस्तंबूल किंवा युरोपातून निवडावा आणि युरोपातील त्या विमानतळासाठी संक्रमण व्हिसा लागतो का, हे तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. मेक्सिकोतून ग्वातेमाला, बेलीझ किंवा होंडुरासमध्ये शिरणार असाल, तर प्रत्येक देशाचा नियम स्वतंत्रपणे तपासावा. एकाची मुभा दुसऱ्याला लागू होत नाही. सहल पुढे पेरू किंवा कोलंबियापर्यंत वाढवण्याचा मोह झाला, तर भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला मागितला जातो हे विसरू नये. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी दाखला ग्राह्य धरला जातो आणि तो नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. मुलांकडे अमेरिकेत आलेल्या आईवडिलांना सोबत नेताना त्यांचा आरोग्यविमा मेक्सिकोत चालतो का, हेही विचारून घ्यावे, कारण तो बहुधा अमेरिकेपुरता विचार करून घेतलेला असतो.

हंगाम, चढाई आणि सावलीचा साप

नोव्हेंबर ते मार्च हा कोरडा, सुसह्य काळ. एप्रिल-मेमध्ये मेरिदाचे तापमान चाळिशी ओलांडते, आणि विदर्भातल्या उन्हाची सवय असलेल्यांनाही तिथली दमट हवा नकोशी होते. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम आहे. त्या काळात जायचे असल्यास रद्द करता येणारी आरक्षणेच घ्यावीत.

मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनी कुकुल्कानच्या पायऱ्यांच्या कठड्यावर सावलीचा साप उतरताना दिसतो, म्हणून नेमका तोच दिवस गाठण्याची धडपड होते. त्या दिवशी हजारोंची गर्दी असते, आणि सप्टेंबरात पावसाळी ढगांनी सगळ्यावर पाणी फिरवण्याची शक्यताही असते. वस्तुतः तो खेळ आधी-नंतरचे काही दिवसही जवळजवळ तसाच दिसतो. दोन दिवस अलीकडची तारीख निवडणारा शहाणा. रविवारही टाळावा, कारण मेक्सिकोच्या नागरिकांना त्या दिवशी केंद्रीय शुल्क माफ असल्याने स्थानिक कुटुंबे मोठ्या संख्येने येतात.

‘पिरॅमिडवर चढलो’ असे घरातील एखाद्या काकांनी सांगितलेले असते. ते 2006पूर्वीचे असणार. चिचेन इत्साच्या पिरॅमिडवर त्या वर्षापासून चढता येत नाही. चारही बाजूंच्या प्रत्येकी 91 पायऱ्या आणि माथ्याचा चौथरा मिळून 365 होतात, हे आता खालूनच मोजायचे. चढण्याची हौस असेल, तर तिकाल किंवा मेक्सिकोतील कालाकमुल हे माया नगर गाठावे. तिकालच्या सुमारे 65 मीटर उंच चौथ्या मंदिरावर बाजूने लाकडी जिना बांधलेला आहे आणि वरून जंगलाच्या माथ्यावर डोके काढलेली इतर मंदिरे दिसतात. मात्र तिथला सूर्योदय पाहण्यासाठी वेगळे तिकीट लागते, पहाटे चारच्या सुमारास निघावे लागते आणि अनेकदा दाट धुक्याखेरीज काहीच दिसत नाही. अंधारात अचानक एखादे हिंस्र श्वापद गुरगुरल्याचा भास झाला तर घाबरू नये. ती हाउलर माकडे असतात आणि त्यांचा आवाज त्यांच्या आकाराच्या मानाने फारच मोठा असतो.

कॅमेऱ्याची तिपाई आणि ड्रोन घरी ठेवावेत. मेक्सिकोतील पुरातत्त्वस्थळांवर परवानगीशिवाय दोन्ही चालत नाहीत आणि फाटकावर तिपाई ठेवून घेतली, तर ती परत घेण्यासाठी त्याच फाटकावर यावे लागते.

पैसे

मेक्सिकोत पेसोसाठीही डॉलरचेच चिन्ह वापरतात. फलकावर शंभरासमोर ते चिन्ह पाहून दचकलेले आणि उलट पेसोच्या जागी डॉलर देऊन आलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक मी पाहिले आहेत. चिचेन इत्सा आणि उश्माल येथे केंद्रीय पुरातत्त्व संस्थेचे आणि राज्य शासनाचे अशी दोन शुल्के असतात. एक पावती घेऊन फाटकाकडे वळलेला माणूस पुन्हा रांगेत येतो. सुटे पेसो जवळ असावेत. एटीएमने ‘आमच्या दराने रूपांतर करू का’ असे विचारल्यास नकार द्यावा. पैसे तरीही मिळतात आणि दर बहुधा बरा पडतो. भाड्याची मोटार संकेतस्थळावर अविश्वसनीय स्वस्त दिसते, कारण त्या आकड्यात तिथला बंधनकारक तृतीय पक्ष विमा धरलेला नसतो. विम्यासह एकूण रक्कम लेखी मागवावी. रात्री गाडी चालवू नये : गावाच्या तोंडाशी असलेले ‘तोपे’, म्हणजे आपले गतिरोधक, अंधारात दिसत नाहीत आणि ते आपल्याकडच्यांपेक्षाही निर्दयपणे बांधलेले असतात.

शाकाहाऱ्यांची फसगत

‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढे सांगून शाकाहारी माणूस निश्चिंत होतो आणि ताटात कोंबडी येते, कारण तिथल्या बोलण्यात ‘कार्ने’ म्हणजे बहुधा गायीचे किंवा डुकराचे मांस. कोंबडी आणि मासा यांची नावे, ‘पोयो’ आणि ‘पेस्कादो’, स्वतंत्रपणे घ्यावी लागतात. त्याहून अवघड ‘मान्तेका’, म्हणजे डुकराची चरबी : घोटलेल्या काळ्या घेवड्यात आणि तामाल या मक्याच्या वाफवलेल्या पदार्थाच्या पिठात ती सर्रास असते, आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. हे तीन शब्द स्पॅनिशमध्ये कागदावर लिहून वाढप्याला दाखवावेत. खात्रीचा पदार्थ हवा असेल, तर युकातानातली सिकिल पाक मागावी : भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, टोमॅटो आणि मिरची वाटून केलेली ही चटणी मक्याच्या तोर्तियाबरोबर इतकी ओळखीची लागते की पहिल्या घासाला माणूस गप्प होतो.

अंगाला सनस्क्रीन फासून सेनोतेत, म्हणजे चुनखडीतल्या त्या नैसर्गिक विहिरीत, उतरू देत नाहीत. आधी शॉवर घ्यावा लागतो. उन्हासाठी लांब बाह्यांचा सुती सदराच बरा. चिचेन इत्सातील पवित्र सेनोते फक्त पाहण्यासाठी आहे. पोहायचे तर इक किल हे सेनोते जवळच आहे.

लोक आणि वाटाडे

माया ‘नाहीसे झाले’ या समजुतीने जाणारा प्रवासी सर्वांत मोठी गोष्ट चुकवतो. माया भाषा बोलणारे लाखो लोक आजही या मुलखात राहतात. फाटकाबाहेर मका विकणारी बाई आणि तिकिटे तपासणारा माणूस आपसांत युकातेक मायातच बोलत असतात. त्यांचे फोटो विचारून काढावेत, आणि चियापासमधील सान हुआन चामुलाच्या चर्चमध्ये कॅमेरा बाहेर काढूच नये, तिथे सक्त मनाई आहे. चियापासच्या ग्वातेमालालगतच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत टोळ्यांचा हिंसाचार वाढला आहे. याश्चिलान आणि बोनाम्पाक या तिथल्या माया अवशेषांचा बेत पालेंकेतील ताजी परिस्थिती विचारूनच पक्का करावा.

गाइड परवानाधारक, ओळखपत्र गळ्यात असलेला घ्यावा आणि पैसे, भाषा व कालावधी आधी ठरवावा. तिकालमध्ये चांगला गाइड मिळाल्यास त्याला मंदिरांच्या दारांवरच्या लाकडी तुळयांविषयी विचारावे. बाराशेहून अधिक वर्षे दमट जंगलात टिकलेल्या त्या कोरीव तुळया सापोदिया वृक्षाच्या आहेत, म्हणजे ज्याचे फळ आपण घोलवड-डहाणूहून आणून खातो त्या चिकूच्या. याच झाडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंगम होत असे, आणि तो चीक गोळा करणाऱ्यांनी जंगलात पाडलेल्या पायवाटांवर अनेक नगरे बाहेरच्या जगाला सापडली. तिकालच्या वाटेवर चिकूची झाडे आजही आहेत. कोयत्याच्या जुन्या तिरप्या खुणा त्यांच्या खोडांवर दिसतात, पण त्या दाखवल्याशिवाय कोणी पाहत नाही.