घरी सफरचंदाचा सिरका करताना या चुका टाळा

ऑक्टोबर-नोव्हेंबरात इंदूरच्या चोइथराम मंडीत काश्मिरी सफरचंदांची आवक वाढली आणि डागी माल स्वस्त मिळू लागला, की घरी सिरका (व्हिनेगर) करून पाहण्याची इच्छा अनेकांना होते. आणि महिन्या-दीड महिन्याने त्याच घरांतून ‘वास विचित्र येतो’, ‘आंबटपणाच येत नाही’ अशा तक्रारी ऐकू येतात. बहुतेक तक्रारींचे मूळ एकच असते: सिरका दोन टप्प्यांत होतो, आणि पहिल्या टप्प्याला जे मानवते तेच दुसऱ्याला बाधते. पहिल्या टप्प्यात यीस्ट रसातील साखरेचे अल्कोहोल करते आणि तेव्हा हवा बाहेर ठेवावी लागते. दुसऱ्यात अ‍ॅसिटोबॅक्टर जातीचे जीवाणू त्या अल्कोहोलचे अ‍ॅसिटिक आम्ल करतात आणि त्यांचे हवेवाचून चालत नाही. (पहिला टप्पा म्हणजे युरोपातील सायडर या सफरचंदाच्या मद्याचीच कृती होय. मध्य प्रदेशात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा असल्याने येथे विचार केवळ सिरक्याचा केला आहे.)

डागी फळ आणि सडके फळ यांत फरक करावा. आपटून काळवंडलेला भाग कापून टाकला तर चालते, परंतु बुरशी धरलेले फळ पूर्ण टाकून द्यावे, कारण त्या बुरशीतून तयार होणारे पॅट्युलिन हे विष रस उकळल्यानेही नष्ट होत नाही. रस वाढावा म्हणून पाणी घालणे ही तर सर्रास होणारी चूक आहे. सफरचंदाच्या रसात साधारण १० ते १३ टक्के साखर असते, तिच्यापासून ५ ते ६ टक्के अल्कोहोल आणि पुढे जवळपास तेवढेच आम्ल मिळू शकते. निम्मे पाणी घातले की आम्लही निम्म्यावर येते. केवळ साली आणि गाभे वापरायचे असतील, तर दर लिटर पाण्याला सुमारे १०० ग्रॅम साखर घालावी आणि नळाचे पाणी आधी उकळून गार करावे, म्हणजे त्यातील क्लोरीन निघून जाईल. डब्यातील तयार रसात सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट असेल, तर आंबण्याची क्रिया सुरूच होत नाही.

पहिल्या टप्प्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर निघतो, म्हणून भांड्याचा पाव भाग रिकामा ठेवावा आणि झाकण सैल लावावे. पहिल्या वर्षी मी काचेच्या बाटलीचे बूच घट्ट बसवले होते. तिसऱ्या रात्री बाटली फुटली आणि काचा थेट देवघरापर्यंत गेल्या. सडक्या अंड्यासारखा वास आला तर यीस्टला पोषण कमी पडले असे समजावे. रस दुसऱ्या भांड्यात ओतून गाळ मागे ठेवला की तो वास बहुधा ओसरतो. बुडबुडे थांबले म्हणजे काम झाले असे मात्र मानू नये, कारण गारठ्यानेही ते थांबतात. रसाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर १.००० (म्हणजे पाण्याइतका) किंवा त्याहून कमी आकडा दिसावा. ते उपकरण नसेल तर निदान थेंबभर चाखून गोडवा उरला नाही याची खात्री करावी. जुना सिरका विरजण म्हणून घालायचा तो यानंतरच, कारण आधी घातल्यास त्यातील आम्ल यीस्टची वाढ रोखते.

सर्वांत जास्त घोटाळे दुसऱ्या टप्प्यात होतात. रुंद तोंडाच्या चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत रसाच्या पाव हिश्शाइतका, न उकळलेला आणि न गाळलेला सिरका मिसळावा आणि तोंडावर दुहेरी मलमल बांधावी. एकेरी कापडातून चिलटे हमखास शिरतात. तांब्या-पितळेचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये. या जीवाणूंना २५ ते ३० अंश तापमान मानवते, त्यामुळे जानेवारीतल्या इंदुरी थंडीत बरणी जणू झोपी जाते आणि मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की काम बिघडते. नोव्हेंबरात रस आंबवून दुसऱ्या टप्प्याची मुख्य भिस्त फेब्रुवारी-मार्चवर ठेवणे मला सर्वांत सोयीचे वाटते. पृष्ठभागावर येणारी जेलीसारखी चकती म्हणजे ‘मदर’. ती शुभ लक्षण आहे आणि ती रोज हलवून बुडवू नये. पातळ, सुरकुतलेली पांढरी साय काढून टाकता येते. हिरवी, काळी किंवा लोकरीसारखी बुरशी दिसली तर मात्र संपूर्ण बरणी ओतून द्यावी, तेथे हळहळ कामाची नाही. नेलपॉलिश पुसण्याच्या द्रावणासारखा वास इथिल अ‍ॅसिटेटचा असतो. तो पुष्कळदा पहिल्या टप्प्यात हवा शिरल्याने येतो आणि सौम्य असेल तर काही आठवड्यांत कमी होतो.

सिरका तयार झाल्यावरही बरणी उघडी ठेवणे ही शेवटची चूक. अल्कोहोल संपले की तेच जीवाणू आम्ल खाऊ लागतात आणि सिरका पाणचट होतो, म्हणून तो गाळून बाटल्यांत काठोकाठ भरून बंद करावा. पीएचची पट्टी आम्लाचे प्रमाण सांगत नाही. त्यासाठी १० मिली सिरक्यात फिनॉल्फ्थॅलिनचे (आम्ल संपताच गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब घालून, हातमोजे वापरून, १ नॉर्मल (लिटरमागे ४० ग्रॅम) कॉस्टिक सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने घालावे. गुलाबी छटा टिकेपर्यंत जितके मिली लागतील, त्यांना ०.६ ने गुणले की टक्केवारी मिळते. भारतीय अन्नमानकांनुसार सिरक्यात किमान ३.७५ टक्के आम्ल असावे लागते, आणि मोजणी न केलेला घरचा सिरका कोशिंबिरीत वापरावा, टिकाऊ लोणच्यात नव्हे.