स्पोर्ट टूरिंग बाइकला नवे टायर घेताना: नागपूरच्या रस्त्यांचा हिशोब

नवा टायर निवडण्याआधी जुना टायर नीट वाचायचा. बाइक पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर) घ्या आणि मागच्या टायरच्या माथ्यावर स्टीलची फूटपट्टी आडवी ठेवा. नव्या टायरवर पट्टी एका रेषेपुरती टेकते आणि दोन्ही बाजूंना डुगडुगते. वापरलेल्यावर ती चांगली चार-पाच सेंटिमीटर सपाट बसते, जणू पाटावर ठेवली आहे. आता कडेच्या खाचा बघा. तिथे नक्षी जवळजवळ कोरी असेल, तर तुमचा टायर मधोमध घासून 'चापट' झाला आहे. नागपुरातल्या दहापैकी नऊ मोठ्या बाइकांचं हेच चित्र असतं, आणि टायरची निवड इथूनच सुरू होते.

कारण उघड आहे. समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाई, म्हणजे लांबच्या फेऱ्या अमरावती रोड, वर्धा रोड नाहीतर जबलपूरकडच्या 44 नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावरून. हे तिन्ही सरळसोट. चिखलदऱ्याला जायचं म्हटलं तरी परतवाड्यापर्यंत दोनशे किलोमीटर सरळ, मग तीसेक किलोमीटर घाट. छिंदवाड्याकडे सिल्लेवानी घाट आहे, पण तोही तासाभराचा पाहुणा. उरलेलं रनिंग शहरात, आणि शहरातले मोठे रस्ते आता सिमेंटचे. पाणी निघावं आणि पकड राहावी म्हणून सिमेंटवर मुद्दाम रेघा ओढलेल्या असतात. त्या कानशीसारखं काम करतात. त्यात मे महिन्यात हवा 45 अंशांवर आणि रस्ता त्याहून कितीतरी गरम. मऊ रबर अशा रस्त्यावर मधोमध झिजतं, आणि कडेचं महागडं चिकट रबर वापरलंच न जाता कडक होऊन जातं.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न 'ग्रिप कशी आहे' हा नको. 'ड्युअल कंपाउंड आहे का, आणि मधलं रबर किती कडक' हा हवा. ड्युअल कंपाउंड म्हणजे मधला पट्टा टिकाऊ, जरा कडक रबराचा आणि दोन्ही कडा मऊ रबराच्या. स्पोर्ट टूरिंग वर्गातल्या बहुतेक चांगल्या टायरांच्या मागच्या चाकात ही रचना असते. मिशेलिन रोड 5 आणि रोड 6, पिरेली एंजल जीटी 2, मेट्झेलर रोडटेक 01, ब्रिजस्टोन बॅटलॅक्स टी32, डनलॉप रोडस्मार्ट, आणि आपल्याकडचा टीव्हीएस युरोग्रिप रोडहाउंड हे सगळे याच कुळातले. बॅटलॅक्स एस22 किंवा डियाब्लो रोसो 4 हे वेगळं कूळ. ते हायपरस्पोर्ट, वळणावर भन्नाट, पण आपल्या सरळ रस्त्यांवर मागचा टायर साधारण पाच-सहा हजार किलोमीटरमध्ये चापट. टूरिंगचा मागचा टायर दहा हजाराच्या आसपास सहज जातो. निन्जा 1000एसएक्स कंपनीतून एस22 वर यायची. तेच टायर पुन्हा घालायला हरकत नाही, पण बाइक मुख्यतः हायवेवरच चालत असेल तर टी32 किंवा एंजल जीटी 2 जास्त शहाणपणाचा. ट्रॅकवर जाणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

एक फसगत इथेच होते. काही मॉडेलांची 'जीटी' आवृत्ती वेगळी असते, जसा रोड 5 जीटी, टी32 जीटी किंवा एंजल जीटीचा ए-स्पेक. नावात जीटी म्हणजे जास्त टूरिंग असं समजून लोक तोच मागतात. ही आवृत्ती अडीच-तीनशे किलोच्या, पॅनियर (बाजूच्या सामानपेट्या) लावलेल्या जड बाइकांसाठी आतून जास्त ताठ केलेली असते. सहाशे-साडेसहाशे सीसीच्या हलक्या बाइकवर ती दणके मारते, हिवाळ्याच्या सकाळी लवकर तापत नाही आणि चाक लाकडाचं असल्यासारखं वाटतं. गंमत अशी की एंजल जीटी 2 मधलं जीटी हे नुसतं नाव आहे, आवृत्ती नव्हे. म्हणून नावावर जाऊ नका, आवृत्तीचं अक्षर तपासा.

साइडवॉलवरचे आकडे

निन्जा 650 किंवा व्हर्सिस 650 चा मागचा टायर घ्या. त्याच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, लिहिलेलं असतं 160/60 झेडआर17 एम/सी 69 डब्ल्यू. 160 ही मिलिमीटरमधली रुंदी. 60 म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या 60 टक्के, इथे 96 मिमी. आर म्हणजे रेडियल बांधणी (आतले धागे माथ्याला आडवे), 17 म्हणजे रिमचा व्यास इंचांत, आणि एम/सी म्हणजे हा टायर मोटारसायकलचाच.

69 हा लोड इंडेक्स, म्हणजे पूर्ण हवेवर त्या एका चाकाने 325 किलो पेलायचे. 73 म्हणजे 365 किलो, 66 म्हणजे 300, आणि पुढच्या 120/70 वर असणारा 58 म्हणजे 236 किलो. जोडीदार मागे, दोन्ही बाजूंना सामान आणि टॉप बॉक्स, असा ऐवज बाइकवर असेल तर एकूण वजनाचा मोठा भाग मागच्या चाकावर जातो. म्हणून कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली उतरायचं नाही. वर गेलं तर चालतं.

डब्ल्यू म्हणजे 270 किमी वेगाची मर्यादा. व्ही 240, एच 210. 'आपण शंभर-सव्वाशेनेच जातो, एच चालेल की' असं अनेक जण म्हणतात. वेगाचं हे अक्षर खरं तर टायर आतून किती उष्णता सहन करतो याचंही माप आहे. खच्चून भरलेली बाइक, कमी झालेली हवा आणि नवतप्यातली (मेअखेरच्या कडक उन्हातली) दुपार हे तीन एकत्र आले की हीच शिल्लक उपयोगी पडते. खालचं अक्षर घेऊ नका.

रुंद टायर घालण्याचा मोह हा वेगळाच रोग आहे. 160 चा टायर साडेचार इंची रिमसाठी बनतो, 180 ला साडेपाच इंची रिम लागते, 190 ला सहा इंची. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो दोन्ही बाजूंनी दाबला जातो, माथा निमुळता होतो, आणि मधोमध झीज आणखी वाढते. म्हणजे जास्त पैसे देऊन रस्त्याशी संपर्क कमी केला. उंचीचा फरकही बारीक वाटतो पण बारीक नसतो. 190/50 ऐवजी 190/55 घातला की चाकाचा व्यास 19 मिमीने वाढतो, म्हणजे 3 टक्के. ज्या बाइकांना ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) आहे त्या पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यातला फरक मोजून चालतात. तिथे हे 3 टक्के बाइकला 'चाक घसरतंय' असं चुकून सांगू शकतात. मॅन्युअलमध्ये जो साइज, तोच घ्या.

जोडी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची असलेली बरी. पुढे अजून निम्मं रबर आणि मागे संपलेला, अशी वेळ नेहमीच येते, कारण मागचा आधी जातो. तेव्हा पुढे जो आहे त्याच मॉडेलचा मागचा घ्या. एक बायस (आतले धागे तिरपे) आणि एक रेडियल अशी खिचडी मात्र नको, कंपनीनेच तशी दिली असेल तर गोष्ट वेगळी.

तारीख बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत

साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनंतर एका लंबगोलात शेवटी चार आकडे असतात. 3524 म्हणजे 2024 सालचा 35 वा आठवडा, ऑगस्टचा शेवट. हे आकडे बहुधा एकाच बाजूला असतात, आणि दुकानात टायर भिंतीला टेकवलेला असतो तेव्हा नेमकी ती बाजू आत जाते. टायर फिरवून बघायचा, संकोच करायचा नाही. दोन वर्षांच्या आतला ठीक. त्यापुढचा असेल तर भावात ते दिसलं पाहिजे, आणि तो सावलीत, गार जागी ठेवलेला होता का हेही विचारा. पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे काढलेलं रबर वरून काळंभोर दिसतं. खाचेच्या तळाशी नख दाबून बघा. नवं रबर नखाला किंचित दबतं आणि परत येतं. बारीक जाळीसारख्या भेगा दिसल्या तर तो टायर तिथेच सोडा.

टायरवर आयएसआयचं चिन्ह आणि आयएस 15627 हा क्रमांकही शोधा. आयात केलेल्या टायरवरही हे लागतं. जून 2020 पासून टायरची आयात सरकारी परवान्याखाली आली, त्यामुळे काही मॉडेलं बाजारात असतात आणि अचानक नाहीशी होतात. एका ठराविक टायरवर मन बसवून महिनोन्‌महिने संपलेल्या टायरवर फिरण्यापेक्षा पसंतीचे तीन पर्याय मनाशी ठेवा.

बदलायचा कधी

खाचेत आडवी उंचवट्याची पट्टी असते, साइडवॉलवर टीडब्ल्यूआय किंवा बाण त्याची जागा दाखवतो. नक्षी त्या पट्टीच्या पातळीला आली की टायर संपला. दुचाकीची कायद्यातली किमान खोली 0.8 मिमी आहे. पण ती शेवटची रेघ झाली. पावसाळ्याच्या तोंडावर मागे 2 मिमी उरलं असेल तर बदलून टाका. मोजायला डेप्थ गेज घ्या, ते स्वस्त असतं, आणि मधोमध चार ठिकाणी मोजा.

विदर्भातली सगळ्यात चांगली वेळ नवतपा, म्हणजे 25 मेपासूनचे नऊ दिवस. उन्हात रबर मऊ पडतं, रिमवर चढताना कमी ताणतं, ओरखडे कमी येतात. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. नव्या टायरचा पृष्ठभाग साच्यातून आलेला, गुळगुळीत असतो, आणि पहिले दीड-दोनशे किलोमीटर तो पूर्ण पकडत नाही. मृगाचा पहिला पाऊस रस्त्यावरची धूळ आणि ऑइल मिसळून शेवाळ्यासारखा थर करतो. कोरे टायर आणि पहिला पाऊस हे एकाच दिवशी जमवू नका. जूनच्या पहिल्या आठवड्याआधी कोरड्या रस्त्यावर दोनशे किलोमीटर काढून ठेवा, रोज थोडी थोडी बाइक कलवत, म्हणजे कडाही उघडतील. चौकातली गिट्टी आणि पावसात रस्त्याच्या कडेला आलेली काळी माती यांच्यापुढे कोणताच टायर चालत नाही, तिथे टायरचं नाव घेऊन धाडस करू नका.

बसवताना

टायर जिथून घेतला तिथेच बसवला पाहिजे असं नाही. तिथे मोटारसायकलच्या रिमला प्लास्टिकचं संरक्षण लावणारी मशीन आणि बॅलन्सिंग आहे का, हे आधी विचारा. पान्याने आणि पायाने टायर उतरवणारा कितीही पटाईत असला तरी अलॉयच्या कडेवर खाच पडते आणि तिथून हवा गळते. टायरप्रेशर सेन्सर असलेल्या बाइकचा सेन्सर व्हॉल्व्हच्या मागे आत असतो. हे मशीनवाल्याला आधीच सांगा, नाहीतर तो तुटतो आणि बिल टायरएवढं येतं.

चाक काढल्यावर चार गोष्टी तुमच्या डोळ्यांदेखत व्हाव्यात. व्हॉल्व्ह नवा घालायचा, तो वीस-तीस रुपयांच्या आळसात सोडला जातो. साइडवॉलवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण चाकाच्या दिशेशी जुळवायचा. बीडला, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या टायरच्या कडेला, साबणाचं पाणी लावायचं, ग्रीस किंवा डिझेल नाही, त्याने रबर फुगतं आणि टायर रिमवर सरकतो. आणि हवा भरताना बीड दोन्ही बाजूंनी 'फट्' करून बसला की साइडवॉलवरची बारीक रेषा रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते चाक फिरवून बघायचं. एका जागी ती आत गेलेली असेल तर हवा काढून पुन्हा. बॅलन्सिंगला 50 ग्रॅमहून जास्त वजन लागत असेल, तर वजनं चिकटवत बसण्याआधी टायर रिमवर अर्ध्या फेऱ्याने फिरवून बघायला सांगा.

चाक परत बसवताना डाव्या-उजव्या स्पेसरची (चाकाच्या बाजूच्या नळीची) अदलाबदल आणि एबीएस रिंग (चाकाचा वेग मोजायची चकती) वाकणं या दोन चुका नेहमीच्या. बेअरिंग बोटाने फिरवा, खरखर लागली तर त्याच वेळी बदला, चाक पुन्हा काढणं वाचेल. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे, अॅक्सल नट टॉर्क रेंचने. पुढच्या चाकात पिंच बोल्ट (अॅक्सल आवळून धरणारे) घट्ट करण्याआधी फोर्क दोन-तीनदा दाबून घ्या. आणि दुकानातून निघण्याआधी ब्रेकचा लिव्हर घट्ट होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिला दाब रिकामा जातो, आणि ते गेटबाहेरच्या ट्रॅफिकमध्ये कळू नये.

हवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांडीवरच्या) स्टिकरप्रमाणे, थंड टायरमध्ये. थंड म्हणजे बाइक सावलीत तीन तास उभी. पहाटे 30 अंशांवर 36 पीएसआय भरलेला टायर धावून 60 अंशांवर गेला की 41 च्या आसपास दाखवतो. तो हिशोबात धरलेला असतो, वाटेत पंपावर हवा कमी करायची नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी 31 मिळेल. उन्हाळ्यात 'टायर फुटेल' म्हणून हवा कमी ठेवणं उलटं आहे. कमी हवेचा टायर जास्त मुरडतो आणि त्यानेच जास्त तापतो. नव्या टायरची हवा दुसऱ्या सकाळी घरच्या गेजने पुन्हा मोजा. एका रात्रीत 2 पीएसआय गेली असेल तर व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडा कुठे येतो ते कळेल.